हिरव्या फिल्टरचं रीडिंग

माझ्या नाकावर कायम राग असतो असं माझे विद्यार्थी म्हणायचे, आणि ते खरं आहे. पस्तीस वर्षं मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. त्यातली निम्मी वर्षं प्रॅक्टिकलच्या वह्या टेबलावर आपटण्यात गेली असतील. "शिजवलंयस!" असं मी ओरडले की सगळी प्रयोगशाळा चिडीचूप व्हायची.

शिजवणं म्हणजे काय, ते आधी सांगते. प्रयोग करायचाच नाही. पुस्तकातलं उत्तर बघायचं, तिथून उलटी आकडेमोड करत मागे यायचं आणि ते आकडे यंत्रावर दिसले असं दाखवून वहीत लिहायचे. शास्त्र शिकणाऱ्याने करू नये असं जगात काही असेल तर ते हेच, असं मी दर वर्षी पहिल्या तासाला सांगायचे. मोठ्या आवेशात सांगायचे. आणि तेच मी स्वतः केलेलं होतं. एकदाच, पण पडद्याच्या पलीकडे माझे सख्खे वडील उभे असताना.

अडतीस वर्षं ही गोष्ट माझ्या पोटात होती. बाबांना सांगायची शंभरदा ठरवली, शंभरदा जीभ जड झाली. आता बाबा चौऱ्याऐंशीचे. डोळ्यांत मोतीबिंदू, कान मात्र तिखट. माझ्या मनाने घेतलं होतं, की हे न सांगता बाबा गेले तर मी आयुष्यभर खोटीच राहीन. आणि सांगितलं, तर त्यांनी ज्या एका गोष्टीचा अभिमान बाळगला तीच मी त्यांच्या हातातून काढून घेईन. करायचं काय, सांगा.

अशात एक दिवस फोन आला. बाबांच्या जुन्या कॉलेजची आताची विभागप्रमुख म्हणजे माझी विद्यार्थिनी. एवढुसा आवाज, म्हणून वर्गात तिचं नाव चिमणी पडलं होतं. आता पन्नाशीला आली तरी आवाज तेवढाच.

"मॅडम, वरची प्रयोगशाळा रिकामी करतोय. शुक्रवारी सगळं जुनं सामान भंगारात जाणार."

"सगळं?"

"हो ना. आता प्रयोग स्क्रीनवरच होतात. माऊस हलवला की इलेक्ट्रॉन पळतात."

"पळतील नाही तर काय करतील बिचारे! त्यांना तरी कुठे पटतंय," मी म्हटलं.

ती हसली. बाबांना सगळं कॉलेज मामा म्हणायचं, तीही तसंच म्हणते. "मामांना एकदा बघायचं असेल तर गुरुवारी घेऊन या. फोटोसेलचा सेट मी अजून हलवलेला नाही. आणि मॅडम, मामांची एक वही सापडलीय. टाकवेना मला."

वही म्हटल्याबरोबर मी घाईघाईने फोन ठेवला. कारण बाबांच्या वहीत काय असायचं ते मला पक्कं ठाऊक होतं.

बाबा त्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं सहायक होते. शिक्षण म्हणाल तर शाळेच्या शेवटच्या परीक्षेत गणितात गचकलेले, पुढे कॉलेजचं तोंड पाहिलं ते झाडू आणि फडकं हातात घेऊन. पण यंत्रांवर त्यांचा जीव. रोज सकाळी मुलं यायच्या आधी तासभर जायचे, प्रत्येक यंत्र स्वतः चालवून बघायचे आणि आलेली रीडिंग लाल पुठ्ठ्याच्या वहीत लिहायचे. कुणी सांगितलेलं नव्हतं. आई म्हणायची, "घरात मीठ संपलंय ते कधी लिहून ठेवत नाहीत, तिथला काटा किती हलला ते मात्र रोज लिहितात." मुलं त्यांना शून्यमामा म्हणायची. कारण कुणी यंत्राला हात लावला रे लावला, की पाठीमागून आवाज यायचा, "आधी शून्य बघ." काहीच जोडलेलं नसताना काटा शून्यावर आहे की नाही, हे आधी बघायचं. तिथेच गडबड असेल तर पुढचं सगळं मुसळ केरात.

त्यांचा सगळ्यात लाडका प्रयोग फोटोसेलचा. काळ्या डब्यात काचेचा एक फुगा असतो, त्याच्या आत धातूचा पातळ थर. त्यावर पाऱ्याच्या दिव्याचा प्रकाश पाडायचा. प्रकाश धातूवर आदळला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर उडतात, आणि समोरच्या मीटरचा काटा हलतो. दिव्यासमोर जांभळा फिल्टर लावला तर इलेक्ट्रॉन फार जोरात उडतात, निळा लावला तर जरा कमी, हिरवा लावला तर आणखी कमी. आता हे किती वेगाने उडाले, ते कसं मोजणार? डोळ्यांना दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत.

मी शाळेत होते तेव्हा बाबांना हे विचारलं होतं. ते चप्पल शिवत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "पळणारा किती जोरात पळतोय, ते त्याला थांबवून बघायचं. थांबवायला किती जोर लागला, त्यावरून कळतं."

झालं. एवढंच आहे ते. उलट्या दिशेने व्होल्टेज लावायचं आणि हळूहळू वाढवत न्यायचं. एक वेळ अशी येते की सगळ्यात जोरात पळणारा इलेक्ट्रॉनसुद्धा अडतो आणि काटा शून्यावर येऊन बसतो. तेवढे व्होल्ट लिहून घ्यायचे. त्यांना इलेक्ट्रॉनच्या विद्युतभाराने गुणायचं, दुप्पट करायची, वस्तुमानाने भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. वेग हातात. हे शेवटचं वर्गमूळ काढायला दर वर्षी चार-पाच जण विसरायचेच. मग त्यांचा इलेक्ट्रॉन सेकंदाला हजारो कोटी मीटर पळायचा. बाबा कपाळावर हात मारून घ्यायचे. "अरे बाळा, प्रकाशाने याला ढकललं आणि हा प्रकाशालाच मागे टाकून पळाला? कुणाला सांगशील तर हसतील. मूळ काढ, मूळ!"

आणि शिजवलेली रीडिंग तर ते बरोब्बर ओळखायचे. मुलगा वही पुढे करायचा, बाबा एक नजर टाकायचे आणि म्हणायचे, "हिरव्याचं परत घेऊन ये." मुलाचं तोंड एवढंसं व्हायचं. प्राध्यापकांना कळायचं नाही ते या माणसाला कसं कळतं, याचा भल्याभल्यांना पत्ता लागला नाही. विचारलं तर सांगायचे नाहीत. मला तर नाहीच नाही. मी त्याच कॉलेजात शिकायला आले तेव्हा मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "घरी मी बाप. इथे सगळ्या पोरांना जेवढं, तेवढंच तुला." आणि तसंच वागले. सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळेची किल्ली त्यांच्या खिशात असायची, पण मला एकदाही आत नेलं नाही. माझा असा संताप व्हायचा!

शेवटच्या वर्षी माझ्या तुकडीचा फोटोसेलचा आठवडा आला आणि मला कांजिण्या झाल्या. तेवढा एक प्रयोग हुकला. परीक्षेत चौदा चिठ्ठ्यांतून एक उचलायची होती. उचलली, उघडली. फोटोसेल. नशीब म्हणतात ते हेच असावं.

पहिला वर्ग मिळाला तरच पुढच्या शिक्षणाची जागा मिळणार होती. नाही तर घरी बसायचं. हे मला माहीत होतं, बाबांना माहीत होतं, आईने तर सकाळपासून पाणी सोडलं तर काही तोंडात घेतलं नव्हतं. विभागप्रमुखांनी बाबांना बोलावून सांगितलं, "मामा, मुलीची परीक्षा आहे. तुम्ही डार्करूमच्या आत जायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही." बाबा ताठ उभे राहून म्हणाले, "साहेब, मी तिच्याकडे बघणारसुद्धा नाही. आणि काळजी सोडा. माझी पोरगी कधी शिजवत नाही."

मी ऐकलं ते. कान गरम झाले माझे.

डार्करूम म्हणजे प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातली खिडकी नसलेली खोली. दाराच्या जागी काळा जाड पडदा. तिच्या दिव्यांचा स्विचबोर्ड बाहेरच्या भिंतीवर, पडद्याला लागून. बाबा तिथे जाऊन उभे राहिले, पाठ माझ्याकडे. मी आत गेले. आधी शून्य बघितलं. जांभळा लावला, एक पूर्णांक शेहेचाळीस व्होल्टला काटा शून्यावर आला. निळा लावला, एक पूर्णांक चोवीस. खात्री व्हावी म्हणून प्रत्येक रीडिंग तीन-तीनदा घेतलं, त्यात वेळ गेला. मग हिरवा फिल्टर उचलला. बाहेर मधल्या सुट्टीची घंटा झाली, आणि फटकन दिवा गेला.

सगळाच अंधार. पाऱ्याचा दिवा गेला, मीटरवरचा छोटा बल्बही गेला. माझा हात मला दिसेना. बाहेरच्या पंख्याची तेवढी घरघर येत होती. मिनिटाभरात छोटा बल्ब लागला, मोठा दिवा लागेना. पाऱ्याच्या दिव्याची ही खोड आहे. एकदा तापलेला विझला, की गार झाल्याशिवाय परत पेटत नाही, तुम्ही कितीही डोकं आपटा. गार व्हायला दहा मिनिटं, पेटल्यावर पूर्ण प्रकाश द्यायला आणखी पाच. माझ्याकडे उरली होती पंचवीस, आणि त्यात आलेख काढायचा, वेग काढायचा.

मी आठ मिनिटं बसून राहिले. मग माझा धीर सुटला. दोन बिंदू हातात होते, तिसरा रेषेवर कुठे पडणार हे गणिताने काढणं म्हणजे माझ्या डाव्या हाताचा खेळ. शून्य पूर्णांक सदुसष्ट. लिहिलं. त्यावरून हिरव्या प्रकाशाच्या इलेक्ट्रॉनचा वेग काढला, सेकंदाला चार लाख पंच्याऐंशी हजार मीटर. दिवा पुन्हा लुकलुकायला लागला तेव्हा आकडा लिहून झालेला होता. खोडता आला असता. मी खोडला नाही.

बाहेर आले. घामाने निथळत होते. बाबांकडे बघून मी नुसत्या ओठांनी विचारलं, "लाइट गेली?" त्यांनी मान हलवली. हो.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझा आलेख उजेडात धरला. तिन्ही ठिपके एका रेषेत, दोरा लावल्यासारखे. "वा! हिरव्याचा ठिपका इतका नेमका या कॉलेजात मी पहिल्यांदा बघतोय," ते म्हणाले. मला पैकीच्या पैकी मिळाले. पहिला वर्ग, पुढची जागा, नोकरी, सगळं त्या ठिपक्यावर उभं. विभागप्रमुख सगळ्यांना सांगत सुटले, "मामांची पोरगी! ती कधी शिजवत नाही." अशा वेळी बाबा काही बोलायचे नाहीत. उठून पाणी प्यायला जायचे. मला वाटायचं, संकोचतात.

आणि आणखी एक. माझ्यानंतरच्या मुलांना शून्यमामांचा धाक असा राहिलाच नाही. "हिरव्याचं परत घेऊन ये" हे वाक्य त्यांनी कधी ऐकलंच नाही म्हणे. पुढे बारा वर्षं बाबा नोकरीत होते, पण एकालाही पकडलं नाही. मला वाटायचं, थकले.

गुरुवारी मी बाबांना घेऊन गेले. जिना चढताना चारदा थांबले, पण हात धरू देईनात. "पायऱ्या तेवीस आहेत, मला ठाऊक आहेत," म्हणाले. वरती निम्मं सामान दोऱ्या बांधून भिंतीशी लावलेलं. लाकडाचा, स्पिरिटचा, जुन्या पितळेचा तोच वास. मला एकदम माझ्या दोन वेण्यांच्या रिबिनी आठवल्या, आईचा डबा आठवला. बाबा एकेका टेबलावरून हात फिरवत चालले होते. एका टेबलाशी थांबले, खालून चाचपलं आणि म्हणाले, "ही पाचर मीच मारलेली. अजून हलत नाही बघ."

चिमणीने लाल पुठ्ठ्याची वही आणून दिली. बाबांनी ती काखेत मारली. मी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

"तुमच्यासाठी दिवा लावून ठेवलाय मामा," ती म्हणाली आणि शहाण्यासारखी निघून गेली.

"चल," बाबा म्हणाले, "घे रीडिंग."

"मी?"

"मग काय मी? मला समोरचा माणूस धड दिसत नाही, काटा काय दिसणार!" आतमध्ये वायरी पायात येतात म्हणून ते बाहेरच बसले, स्विचबोर्डाखाली, त्यांच्याच जुन्या स्टुलावर. मी पडदा थोडा सारून ठेवला आणि यंत्राला हात लावला.

"आधी शून्य बघ."

"बघितलं बाबा!" मी खेकसले. साठी उलटली तरी मला शून्य बघायला सांगतात. आणि बघितलं नव्हतं. मुकाट्याने बघितलं.

जांभळा झाला. निळा झाला. आकडे त्या दिवसापेक्षा एखाद-दुसऱ्या शतांशाने कमी. हिरवा फिल्टर हातात घेतला आणि माझं मन म्हणालं, आत्ता. आत्ता नाही तर कधीच नाही. उद्या हे सगळं हातगाडीवर जाईल.

पडदा पूर्ण बाजूला करून मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला एक सांगायचंय."

त्यांनी मान वर केली. तेवढ्यात घंटा झाली. मधल्या सुट्टीची, कॉलेजभर खणखणणारी. आणि माझ्या डोळ्यांदेखत बाबांचा उजवा हात आपसूक वर गेला, बोर्ड न बघता दुसऱ्या बटणावर पडला, आणि खट्.

दिवा गेला. आतला छोटा बल्बही गेला.

माझ्या मागे अंधार, आणि समोर प्रयोगशाळेच्या लख्ख उजेडात बाबा, हात बटणावर. वर पंखा घरघरत होता. लाइट गेली असती तर पंखा कसा चालला असता? त्या दिवशीही तो चालू होता. मी तो कानांनी ऐकला होता. भौतिकशास्त्राची पहिल्या वर्गाची विद्यार्थिनी मी! पस्तीस वर्षं लोकांना विजेची मंडलं शिकवली, आणि हे माझ्या डोक्यात शिरलं नाही.

बाबांनी घाईघाईने बटण परत दाबलं. छोटा बल्ब लागला. मोठा दिवा अर्थातच लागला नाही. मग ते स्वतःच्या हाताकडे बघत राहिले.

"पोरं दिवा चालूच ठेवून पळायची," ते हळू आवाजात म्हणाले. "सबंध कॉलेजात एकच दिवा. फुकट जळू नये म्हणून घंटा झाली की मी बंद करायचो. वीस वर्षांची सवय. त्या दिवशीही असंच झालं, पोरी. तुझ्या काळजीने माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. घंटा झाली, हात गेला."

मी पडद्यातून बाहेर आले.

"तू बाहेर येऊन विचारलंस, लाइट गेली का. मी मान हलवली. खोटं सांगितलं तुला. त्याच वेळी परीक्षकांना जाऊन सांगायला पाहिजे होतं, की चूक माझी, पोरीला वेळ वाढवून द्या. पण मला भीती वाटली, की बापाने परीक्षेत हात घातला म्हणून तुझी परीक्षाच रद्द करतील. गप्प बसलो. घाबरट निघालो मी."

"बाबा," मी म्हटलं, "मी हिरव्याचं रीडिंग घेतलंच नव्हतं. शिजवलं होतं."

"ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"शून्य पूर्णांक सदुसष्ट. तुझी वही टेबलावर उघडी होती, तेव्हाच बघितलं." त्यांनी हात पुढे केला. "आण तो फिल्टर इकडे."

मी हिरवी काच त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती अंगठ्याने चाचपली, खिडकीच्या उजेडाकडे धरली. "हा कोपरा बघ. रंग उडालाय. इथून निळा प्रकाश गळतो. म्हणून या फिल्टरचं रीडिंग जास्तच येतं, पंच्याण्णवच्या आसपास. पुस्तकात बसेल असं सदुसष्ट याच्यातून कधी येऊच शकत नाही. विभागप्रमुख नवा मागवणार होते, मीच म्हटलं राहू द्या. ज्याने खरंच काटा बघितला त्याला पंच्याण्णव मिळायचं. ज्याने शिजवलं त्याला सदुसष्ट."

म्हणजे हे गुपित होतं! आणि तो परीक्षक माझी रेष उजेडात धरून वा वा करत होता. मला हसू यायला हवं होतं, पण आला तो राग. "अडतीस वर्षं? अडतीस वर्षं तुम्ही मूग गिळून बसलात? मी इकडे रात्र रात्र तळमळतेय, की बाबांना कळलं तर काय होईल..."

"तू तरी कुठे बोललीस?" बाबा म्हणाले.

मी त्यांच्या पायाशी खाली फरशीवरच बसले. दिवा गार व्हायला अजून सात-आठ मिनिटं होती.

"म्हणून तुम्ही पोरांना पकडणं सोडलंत?"

"मग कुठल्या तोंडाने पकडणार? तुझा दिवा मीच विझवला. अंधारात तू काय लिहिलंस म्हणून मी कोण विचारणार? आणि तुला विचारलं नाही, तर दुसऱ्याच्या पोरांना कसं विचारू?" त्यांनी फिल्टर परत माझ्या हातात दिला. "लोक म्हणायचे, मामांची पोरगी कधी शिजवत नाही. मला तिथे उभं राहवायचं नाही ग."

मला रडू आलं. चांगलं हुंदके देऊन रडले, साठ वर्षांची बाई, फरशीवर बसून. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि नुसते थोपटत राहिले, मला कांजिण्या झाल्या होत्या तेव्हा थोपटायचे तसे. खालून मधल्या सुट्टीचा गलका येत होता. सुट्टी संपल्याची घंटा झाली, तेव्हा त्यांनी उजवा हात डाव्या हाताने घट्ट धरून ठेवला. ते बघून मला रडता रडता हसू फुटलं, आणि मग तेही हसले.

आत दिवा लुकलुकला. आधी मंद गुलाबीसर, मग निळसर, मग डोळ्यांत घुसणारा.

"ऊठ," बाबा म्हणाले. "राहिलेलं घे."

या वेळी ते माझ्या खांद्याला धरून वायरी ओलांडत आत आले. मी हिरवा फिल्टर लावला. त्यांना काटा दिसत नव्हता, म्हणून व्होल्टेजचा नॉब त्यांनी धरला आणि काट्यावर मी डोळा ठेवला. केसाएवढा केसाएवढा फिरवत होते ते नॉब. हात म्हातारा, पण कंप नाही.

"अजून," मी म्हणत होते. "अजून थोडं. अजून. थांबा... शून्य."

"किती व्होल्ट?"

"शून्य पूर्णांक चौऱ्याण्णव."

"सेल म्हातारा झाला," ते समाधानाने म्हणाले. "वेग काढ."

कागद नव्हता म्हणून मी पिशवीतल्या औषधाच्या पाकिटावर गणित मांडलं. गुणलं, दुप्पट केली, भागलं.

"मूळ काढ, मूळ."

"काढतेय हो बाबा! सेकंदाला पाच लाख पंच्याहत्तर हजार मीटर."

त्यांनी काखेतली लाल वही माझ्यापुढे धरली. "तुझ्या परीक्षेचं पान काढ."

सापडायला वेळ लागला नाही, त्या पानाचा कोपरा दुमडलेला होता. वरती सकाळची त्यांची स्वतःची रीडिंग, हिरव्यापुढे पंच्याण्णव. त्याखाली "परीक्षा" असं लिहून माझी रीडिंग. जांभळा, एक पूर्णांक शेहेचाळीस. निळा, एक पूर्णांक चोवीस. हिरवा, आणि पुढे कोरी जागा. माझं सदुसष्ट त्यांनी आपल्या वहीत घेतलंच नव्हतं. जागा तेवढी सोडून ठेवली होती.

मी पेन काढलं आणि त्या जागेत शून्य पूर्णांक चौऱ्याण्णव लिहिलं. पुढे तारीख टाकायला गेले आणि हात थांबला. पानाच्या डोक्यावर परीक्षेची तारीख होतीच. तीच खाली परत लिहावी असं मनात आलं, म्हणजे सगळं जिथल्या तिथे बसलं असतं.

"बाबा, परीक्षेचीच तारीख टाकू ना?"

"अजिबात नाही!" बाबा असे कडाडले की खालच्या मजल्यावर चिमणी दचकली असेल. "रीडिंग आज घेतलंस ना? मग आजची टाक. नाही तर हेही शिजवलेलंच."

बारा वर्षं नोकरीत आणि सव्वीस वर्षं घरी, इतक्या काळात शून्यमामांनी कुणाला पकडलं नव्हतं. आज पकडलं.

मी आजची तारीख टाकली.